सुंभाचे तीन पदर

म्हार्दोळ, गोवा
चवथीच्या आठ दिवस आधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझी अनघा भौतिकशास्त्र शिकून आता प्रथिनांच्या मागे लागली, ‘कशालाच धरून राहत नाही’ म्हणतोस. वाचल्यापासून मला शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आठवताहेत.

हा माणूस १९४२ मध्ये बंगळूरला विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेला आणि सी. व्ही. रामन यांच्याकडे भौतिकशास्त्रात रमला. पुढे मद्रासला प्राध्यापक असताना स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल तिथे आले. कातड्याला, कंडरांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून नीट लागलेली नाही, असं त्यांच्या तोंडून ऐकलं आणि रामचंद्रन कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे क्ष-किरण फोटो काढू लागले.

काल पावसाने उघडीप दिली म्हणून घुमटाला, आपल्या मातीच्या वाद्याला, बकऱ्याचं कातडं चढवत होतो. ओलं कातडं ताणून काठाला सुंभाने आवळलं. तो ताण सोसतं ते कोलॅजेनच. आणि हातातला सुंभ पिळावा तशी त्याची घडण: तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. गोपीनाथ कार्थांबरोबर रामचंद्रननी ती १९५४-५५ मध्ये मांडली. आत इतकी दाटी, की दर तिसऱ्या जागी फक्त ग्लायसिन मावतं. प्रथिनांच्या साखळ्या ज्यांच्या बनतात, त्या अमिनो आम्लांत तेच सगळ्यांत लहान.

मग आक्षेप आला, की यात काही अणू फारच जवळ आलेत. मला ते सर्वांत मोठे वाटतात ते इथे. अणू खरोखर किती जवळ येऊ शकतात, हाच प्रश्न त्यांनी हाती घेतला. प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांतून अणूंमधली अंतरं गोळा केली. त्यातून १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह तो ‘रामचंद्रन आलेख’ आला. साखळीच्या दर सांध्याला दोन कोन. त्यांची कुठली जोडी चालते, कुठली नाही, ते एका चौकोनात दिसतं. प्रथिनाची रचना बरोबर बसली का, हे अनघाही त्यावरच पाहत असणार.

१९७१ मध्ये लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर त्यांनी क्ष-किरणांच्या अनेक सावल्यांवरून आतलं चित्र उभं करायची सुटसुटीत गणिती रीत दिली. सीटी स्कॅनला ती फार उपयोगी पडली. उतारवयात तर्कशास्त्र आणि जैनांचा, प्रत्येक विधान एका दृष्टीनेच खरं मानणारा स्याद्वाद. विषय बदलले म्हणतात लोक. मला तर कंडरेपासून स्कॅनपर्यंत एकच ध्यास दिसतो: आत डोळ्यांना न दिसणारं काय आहे, ते बाहेर पडलेल्या किरणांवरून ओळखायचं.

माझ्या एका विद्यार्थ्याला मी ‘एक काय ते धर’ म्हटलं होतं. त्याने जीवशास्त्राची पुस्तकं परत केली. ती खंत अजून जात नाही, म्हणून एवढं लिहितोय.

चवथीला अनघाला घेऊन ये. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला सुंभ लागेलच. तिच्याकडूनच वळून घेतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत