बंड्यास, यादीतल्या रेघांबद्दल

ठाणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही. फोनही तूच दोनदा केलास आणि मी ‘शूटवर आहे’ म्हणून कापला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. साखर काठावर, गुडघा आहे तसाच.

एका वाहिनीच्या मालिका-पुरस्कार सोहळ्याची संहिता माझ्याकडे आलीय. निवेदकांचे पाणचट विनोद माझे, रडायच्या जागाही माझ्याच. त्यात पाच मिनिटं ‘टीव्ही पुरस्कारांचा इतिहास’ हवाय. मला वाटलं, तासाभराचं काम. ‘हम लोग’ मालिका १९८४ ची, पण इंडियन टेली आणि आयटीए (इंडियन टेलिव्हिजन अकॅडमी) हे दोन्ही पुरस्कार सोहळे सुरू झाले थेट २००१ साली. म्हणजे मालिकांतल्या सासवा २००० ला आल्या आणि पुरस्कार त्यांच्या मागोमाग. हे वाक्य कापलं गेलं, सांगायला नकोच.

मग अमेरिकेच्या एमी या टीव्ही पुरस्कारापर्यंत मागे गेलो आणि फसलो. पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९, हॉलीवूड अ‍ॅथलेटिक क्लब, तिकीट पाच डॉलर. पुरस्कार मोजून सहा, तेही लॉस एंजेलिसपुरते. देशभर दिसायला लागला तो १९५५ पासून. पहिलीवहिली एमी मिळाली शर्ली डिन्सडेलला, बोलक्या बाहुलीचे खेळ करणारी पोरगी. म्हणजे त्यांचाही अर्धवटरावच की! पण ऐक, सहातला एक पुरस्कार तांत्रिक कामाला होता, आणि एक ती मूर्ती घडवणाऱ्या लुई मॅकमनसला. मूर्तीसाठी त्याने बायकोलाच उभं केलं होतं. आणि नाव? टीव्ही कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या इमेज ऑर्थिकॉन नळीला तंत्रज्ञ ‘इमी’ म्हणायचे, त्यावरून. नटनट्या छातीशी धरून रडतात ती बाई नावाने एक नळी आहे, बंड्या! पुढे तिथेही तंत्रज्ञांना वेगळ्या रात्री बसवलं, तो भाग सोड.

गुरुवारी घोडबंदरला मीटिंग झाली. ‘सर, टेक्निकलवाले आधी उरकून घेऊ, टेलिकास्टला नकोत.’ यादी माझ्यापुढे, पेन माझ्या हातात. संकलन, ध्वनी, वेशभूषा, छायाचित्रण. चार रेघा मारल्या. चौथीला पेन अडलं, पण मारली. वर चहा प्यायलो, खारी बुडवून.

खाली आलो तर आमच्या मालिकेचा कॅमेरामन उभा. नामांकन आहे त्याला. ‘सर, गावाहून आईला बोलावू का? नाव घेतील ना टीव्हीवर?’ मी म्हटलं, ‘बोलव की.’

आता तुला कळलं असेल मी का लिहितोय. गडकरी रंगायतनच्या विंगेत तू दिव्यावरचं रंगीत जिलेटीन बदलताना बोट भाजून घेतलंस, टूथपेस्ट फासून डिमरवर बसलास, आणि बक्षीस घेताना मी वाचलेल्या यादीत प्रकाशयोजना नव्हतीच. कागद संपला होता, असं मी तेव्हा सांगितलं. कागदाला मागची बाजू होती. तलावपाळीवरून स्टेशनपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. माझ्या वडापावचे पैसे बुडवलेस, ते मात्र चूकच, अजून सांगतो.

इतिहासात ती नळी आणि तो मॅकमनस मी ठेवलेत. उद्या तेही उडतील. सोहळा शनिवारी आहे. त्या कॅमेरामनच्या आईचं रिझर्वेशन झालंय, शुक्रवारी पहाटे उतरते. मी त्याच्याशी तीन दिवस फोनवरच बोलतोय.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. चिंगीचा बारावीचा निकाल लागला असेल, पेढे पाठव.

आणि त्या रात्री तलावपाळीवर मी काय बोललो असतो तर तू वळून बघितलं असतंस? तेवढं शुक्रवारच्या आत कळव. फोन उचलतो.

तुझा,
अण्णा