अर्थ आणि अडीच टक्के

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम. जगण्याचा अर्थ काय आणि मनात शंका असताना केलेली इबादत कबूल होते का, असे दोन प्रश्न दोन ओळींत विचारून तू मोकळी झालीस. ‘अर्थ’ या शब्दाची आपल्या मराठीत गंमत आहे. आशयालाही अर्थच म्हणायचं आणि पैशालाही अर्थच. मी पैशाकडून सुरुवात करतो. तुझ्या नोकरीला वर्ष होत आलंय, आणि या वेळची जकात, म्हणजे बचतीतला गरजूंचा अडीच टक्के वाटा, तुझी तुलाच काढायची आहे.

आधी तारीख ठरव. बचत ज्या दिवशी निसाबच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, वर गेली, ती हिजरी (चांद्र) तारीख. ती रमजानमध्येच यायला हवी असं नाही. सफर महिन्यात आली तर सफरमध्येच द्यायची. जास्त सवाबासाठी (पुण्यासाठी) रमजानपर्यंत सात महिने थांबवलं, तर तेवढे दिवस दुसऱ्याचे पैसे आपण वापरले असं होतं. आपण शाफई मजहबचे, म्हणजे इमाम शाफईंची धर्मकायद्याची परंपरा मानणारे. आपल्यात रक्कम वर्षभर निसाबच्या खाली जाता कामा नये. गेली तर वर्ष नव्याने मोजायचं. दर महिन्याच्या बचतीचं वेगळं वर्ष धरत बसू नकोस. एकच तारीख धरली की काही पैशांची जकात आगाऊ जाते, ते चालतं. मात्र ३१ मार्च धरू नकोस. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे इंग्रजी तारखेने चाललं तर दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि ३३ वर्षांत एक अख्खी जकात बुडते.

निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. इथे पुष्कळ लोक फसतात. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, हा हिशेब जुन्या ११.६६४ ग्रॅमच्या तोळ्याचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. रोख रकमेला चांदीचा निसाब लाव. तो खूप खाली येतो, म्हणजे देणारे वाढतात.

आता बेरीज. समज, बचत खात्यात १,८६,००० आहेत. त्यातले ६,००० व्याजाचे असतील तर ते आधी बाजूला काढ. ते सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकायचे, जकातीत धरायचे नाहीत. उरले १,८०,०००. मुदत ठेवीची मुद्दल १,००,०००. मैत्रिणीला दिलेले आणि नक्की परत येणारे २०,०००. एकूण ३,००,०००, त्याचे अडीच टक्के ७,५००. वर्षभर कमावलं किती ते विचारायचं नाही, त्या दिवशी हातात उरलं किती ते बघायचं. आयकर भरला म्हणून जकात भरली असंही होत नाही.

दागिन्यांवरून तुझं हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबच्या, मैत्रिणींशी वाजेल. त्यांच्यात वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे. आपल्यात बायकांच्या रोजच्या वापरातल्या, बेताच्या दागिन्यांवर नाही. साठवून ठेवलेल्या नाण्यांवर आणि बिस्किटांवर मात्र दोघांकडेही आहे. ज्याला तू फक्त तत्त्वज्ञ म्हणून ओळखतेस, तो कुर्तुबाचा (स्पेनमधल्या कॉर्डोबाचा) इब्न रुश्द काझीही होता, आणि फिक्हच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, मतभेदांवर लिहिताना त्याने हा वाद नीट सोडवून दाखवलाय: दागिना भांड्याकुंड्यांसारखी वापरायची वस्तू मानायचा, की देवघेवीसाठी असलेलं सोनं? वस्तू नेमकी कशासाठी आहे हे एकदा ठरलं, की हुकूम आपोआप ठरतो. मला तर तुझा मोठा प्रश्नही असाच दिसतो. फक्त तिथे बांगडीऐवजी तू आहेस.

द्यायचं कुणाला, ते कुरआनातल्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आहे: आठ वर्ग. आईवडील आणि मुलं त्यात बसत नाहीत. अडचणीतली मावशी बसते. मशिदीचा रंग बसत नाही. घरकाम करणाऱ्या बाईंना ईदचा बोनस म्हणून दिलेले पैसेही बसत नाहीत. तो त्यांच्या कामाचा मोबदला, जकात नव्हे. फितऱ्याचा, म्हणजे रमजान ईदच्या धान्यदानाचा, हिशेब वेगळा: माणशी एक साअ (जुनं माप), अंदाजे अडीच किलो. आपल्या कोकणात ते तांदूळच, आणि ईदच्या नमाजच्या आधी.

रक्कम बाजूला काढताना नीयत हवी. ती विसरली तर दिलेलं दान ठरतं, जकात राहतेच. शंकेचं उत्तर मला इथेच सापडतं. नीयत म्हणजे खात्री नव्हे, नीयत म्हणजे ठरवणं. दोन्ही एका मनात राहू शकतात. आपल्याच मजहबचे थोर विद्वान इमाम गझाली तरुणपणी असेच अडकले होते. डोळ्याला तारा दिनाराएवढा दिसतो, गणित म्हणतं तो पृथ्वीहून मोठा आहे. डोळा खोटा पडला. मग अक्कल तरी खरी कशावरून? जवळजवळ दोन महिने हे चाललं. युक्तिवादाने ते सुटलं नाही, अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या नूराने सुटलं, असं ते स्वतः लिहितात. पुढे १०९५ मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात शिकवताना त्यांची जीभच अडली. मग संपत्ती वाटून ते शहर सोडून निघाले; मात्र मुलाबाळांपुरतं ठेवून. एवढ्या उलथापालथीतही हिशेब सुटला नाही, हे मला फार आवडतं.

देऊन झाल्यावरची कसोटीही गझालींचीच. ज्याला दिलं तो उद्या तुझ्या वैऱ्याच्या बाजूने उभा राहिला, तर दिलं नसतं त्यापेक्षा तुला जास्त राग येईल का? येत असेल, तर उपकाराची भावना अजून शिल्लक आहे. सूरह बकराच्या २६४व्या आयतीत असे उपकार बोलून दाखवण्याने सदका (दान) वाया जातो म्हटलंय. बोलून दाखवणं आपण टाळतो गं, मनातलं टळत नाही. गझाली म्हणतात, उपकार घेणाऱ्याचा मानावा. त्याने घेतलं नसतं तर तू त्या ओझ्यातून सुटली नसतीस. जकात या शब्दात वाढ आणि शुद्धी दोन्ही आहेत, हे तुला माहीतच आहे.

नाणी सराफाकडून तोलून घे, आणि भाव आपण विकायला गेलो तर मिळेल तो धर, घडणावळीसकट नव्हे. पीएफच्या पैशावर मतं वेगळी आहेत, तेवढं आपल्या मौलानांना विचार. हिशेब झाला की तारीख मला कळव. किती दिले आणि कुणाला, ते नको.

दुआगो,
तुझे अब्बा