कॅनिस्टर फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा आणि पुस्तिकेतली सूचना यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फिल्टरची क्षमता फुगवून छापल्याबद्दल आणि ‘दर महिन्याला सर्व मिडिया बदला’ या सूचनेमुळे झालेल्या नुकसानीबद्दल

महोदय,

माझ्या माशांच्या टाकीसाठी आपल्या कंपनीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबा, ज्यातल्या मिडियातून, म्हणजे स्पंज, कापूस अशा गाळण्याच्या साहित्यातून, पाणी फिरतं) मी चार महिन्यांपूर्वी विकत घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी छापल्या आहेत: ‘ताशी १००० लिटर’ आणि ‘२०० लिटरपर्यंतच्या टाकीसाठी’. माझी टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची आहे. काठोकाठ भरली तर १८२ लिटर, पण तळाचे खडे आणि वर सोडलेली जागा वजा जाता खरं पाणी १५५ लिटरच्या आसपास. टाकीतलं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावं, असा मासे पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असतो. माझ्याकडे चार गोल्डफिश. ते खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात, म्हणून मी मुद्दाम सहापटीचा हिशेब धरला आणि तुमच्या १००० च्या आकड्यावर विश्वास ठेवला.

पाण्याचा जोर कमी वाटला, तेव्हा दहा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन बसले. परतीची नळी टाकीच्या काठाच्या उंचीवर धरून तीनदा मोजलं. मिडियासकट बादली भरायला ६६ सेकंद लागतात, म्हणजे ताशी ५४५ लिटर. सगळे ट्रे काढून रिकामा डबा चालवला तरी ४६ सेकंद, म्हणजे ताशी ७८० च्या घरात. तुमचे १००० लिटर बहुधा नळ्या न जोडता, पाणी वर न चढवता, नुसत्या मोटरवर मोजलेले असावेत. तसा फिल्टर कोणाच्या घरी चालतो, हे कळलं तर बरं होईल.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर ८५ सेकंद. हा दोष तुमच्या पुस्तिकेतल्या चित्राचा. या डब्यात पाणी आधी तळाशी जातं आणि तिथून ट्रेमधून वर चढतं. तुमच्या चित्रात सगळ्यात बारीक कापूस अगदी खालच्या ट्रेमध्ये दाखवला आहे, म्हणजे सगळा गाळ पहिल्याच पायरीवर त्यात अडकून बसतो. जाड स्पंज खाली, मग बायोरिंग (जिवाणूंच्या वस्तीसाठीच्या सच्छिद्र कड्या) आणि बारीक कापूस शेवटी, असा क्रम मी स्वतः लावला तेव्हापासून जोर टिकून आहे. पण हे ग्राहकाने का शोधून काढायचं?

इथवर असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. कमी जोराचा फिल्टर सांभाळून घेता येतो, मासे कमी ठेवता येतात, आठवड्याला थोडं जास्त पाणी बदलता येतं. खरी तक्रार पान ७ वरच्या एका ओळीबद्दल आहे: ‘उत्तम परिणामांसाठी दर महिन्याला संपूर्ण मिडिया पॅक बदला व डबा नळाखाली स्वच्छ धुवा.’

मी ती ओळ पाळली. त्याआधी पाण्यात माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया शून्य आणि त्यापासून बनणारं, तितकंच घातक नायट्राइटही शून्य होतं. माझ्या वहीत नोंदी आहेत. पॅक बदलल्यावर तिसऱ्या दिवशी चारही मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. चाचणीत अमोनिया १ पीपीएम (लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम) निघाला. माझ्या पाण्याचा पीएच ८ आहे आणि ७ च्या तुलनेत ८ पीएचला अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट असतो. मग नायट्राइट चढलं. रोज निम्मं पाणी बदललं, क्लोरीन घालवणारं औषध टाकलं, नायट्राइटचा मारा कमी व्हावा म्हणून मीठही घातलं. तरी सर्वांत जुना मासा नवव्या दिवशी गेला. टाकी पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले.

तुमच्या मदत क्रमांकावर मला विचारण्यात आलं, “पण मॅडम, फिल्टर चालू होता ना?” चालू होता. मोटर फिरत होती. फक्त त्यातला फिल्टर मी तुमच्या सांगण्यावरून कचऱ्यात टाकला होता. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंज आणि बायोरिंगवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही ती दर चार आठवड्यांनी मोडायला सांगता! पॅकमधल्या कार्बनची (कोळशाची) ताकद संपते, बारीक कापूस गच्च होतो, ते बदलावेच लागतात, हे मान्य. पण स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घेतला की वर्षानुवर्षं चालतो. बायोरिंग तर त्याहून टिकाऊ. क्लोरीनच्या नळाखाली धुतलं की जिवाणू मरतात, हेही पुस्तिकेत नाही. आणि टाकीत औषध घालताना कार्बन आधी काढून ठेवायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो, याबद्दलही अवाक्षर नाही.

तुमच्या प्रतिनिधीने यावर तोडगा म्हणून मोठं मॉडेल सुचवलं. त्याच्या खोक्यावर ‘४०० लिटरपर्यंत’ लिहिलं आहे. कोणत्या माशांसाठी, ते त्यावरही नाही. १५५ लिटरमध्ये पंधरा-वीस छोटे टेट्रा असतील तर तुमचं आताचं मॉडेलही पुरेल. चार वाढलेल्या गोल्डफिशना ते अपुरं आहे. हा फरक न सांगता नुसते लिटर छापले की गिऱ्हाईक फसणारच.

माझ्या मागण्या अशा. फिल्टर परत घेऊन त्याची आणि दोन मिडिया पॅकची रक्कम द्यावी. खोक्यावर मिडिया भरलेला असतानाचा प्रवाह छापावा. पान ७ वरची ओळ काढावी आणि तोवर विक्रीतल्या प्रत्येक खोक्यात दुरुस्तीची चिठ्ठी घालावी. मला ही चिठ्ठीची मागणी पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ती ओळ आजही कोणीतरी प्रामाणिकपणे पाळत असेल. स्पंज आणि कापूस सुटे मिळावेत, सगळा पॅक घेण्याची सक्ती नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. दूरध्वनीवरचं उत्तर मला आता नको आहे. उत्तर न आल्यास पुढची दाद कुठे मागायची, हे मी पाहून ठेवलं आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, पान ७ चं छायाचित्र, पाण्याच्या चाचण्यांच्या वहीतली सहा पानं, बादली भरतानाची चित्रफीत (घड्याळ दिसेल अशी).