हेडफोनच्या तक्त्यात ओहम कुठंय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला हेडफोनवरचा लेख न् त्यातला किमतींचा तक्ता वाचला, सगळा भर बेस आणि बॅटरीवरच, अहो पण महागडा घेताना आधी तो कशाला लावणार ते बघायला नको का? सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, १९९७ पासूनचं मॉडेल, अजून लोक घेतायत, तानपुऱ्याची जवारी न् गायकाचा श्वास वेगवेगळा ऐकू येतो, पण इम्पिडन्स (म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) ३०० ओहम, नुसता मोबाइलला लावला तर आवाज दबकाच येणार, म्हणजे अँपचा (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा) खर्च वेगळा धरा. त्यात तो ओपन-बॅक, म्हणजे कानावरच्या कपांची मागची बाजू उघडी, लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट आत आणि तुमचं गाणं शेजारच्याला फुकट! प्रवासात क्लोज्ड-बॅकच बरा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, फोनवर मस्त चालतो (फोनला जॅक असेल तर, नाहीतर डोंगल, म्हणजे जोडणीचा छोटा अडॅप्टर घ्या, ते एक वेगळंच दुखणं). आणि आयफोनवाल्यांनी ब्लूटूथमध्ये एलडॅकसाठी (आवाज जास्त बारकाव्यानं पाठवायचं सोनीचं तंत्र) जादा पैसे कशाला मोजायचे, आयफोनमध्ये ते चालतच नाही, एएसी या दुसऱ्या तंत्रावरच भागवावं लागतं.

पुढच्या वेळी किमतीशेजारी ओहमचाही रकाना टाका की राव.

– एक वाचक, डोंबिवली