जुनी वस्तू भेट द्या, पण दुरुस्त करून

महोदय,

दसरा-दिवाळीची सफाई निघाली की मुंबईतल्या घराघरांतले माळे उघडतात आणि त्यातून निघालेले सामान भावाकडे, भाचीकडे, कामाला येणाऱ्या मावशींकडे ‘भेट’ म्हणून पोहोचते. वापरलेली वस्तू भेट देण्यात कमीपणा काही नाही. बाळंतविड्यातली झबली आणि दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची शिवत असत, कारण खळ पार निघून गेलेले सूत बाळाच्या अंगाला बोचत नाही. गोधडी तर जुन्या कापडाशिवाय शोभतच नाही. पण त्या लुगड्याचे झबले कुणीतरी बसून शिवलेले असे. आजची भेट बरेचदा नुसती धूळ झटकून दिली जाते आणि दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. असल्या वस्तू आम्ही दुरुस्तीसाठी रोज उघडून पाहतो, म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त दिला जातो तो मिक्सर, आणि लवकर बंद पडतो तोही मिक्सरच. दोष पुष्कळदा भांड्यापासून सुरू होतो. पात्याचा दांडा तळाच्या ज्या बुशातून जातो ते झिजले की चटणीचे पाणी थेंबथेंब खाली उतरते, कपलरवरून (भांडे ज्यावर बसते त्या मोटरच्या डोक्यावरच्या दातेरी चकतीवरून) मोटरमध्ये शिरते आणि एक दिवस वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळते. हे घरच्या घरी तपासता येते. भांडे अर्धे पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवावे. कागदावर ओला डाग उमटला तर बुश आणि वायसर बदलल्याखेरीज ते भांडे कुणाला देऊ नये. मग भांडे रिकामे करून खालचा दांडा बोटांनी फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे, पण आडवा हलता कामा नये. मोटरच्या डोक्यावरच्या कपलरचे दात गोल झाले असतील तर मोटर नुसती घोंघावते, पाते फिरत नाही. कपलर काढताना जोर लावण्याआधी दोन्ही बाजूंना हलके फिरवून पाहावे, कारण बऱ्याच मॉडेलांत आटे उलटे असतात आणि नेहमीच्या सवयीने पिळणारे लोक तो तोडून बसतात. शेवटी रिकामे भांडे लावून एक नंबरवर मिक्सर चालवावा आणि बाजूच्या जाळीतून आत पाहावे. बारीक ठिणगी चालते, आगीचे कडे दिसले तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, संपले. ब्रश नेहमी जोडीने बदलावेत. कपलर आणि ब्रश लोहार चाळीसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारात जुना नमुना दाखवूनच घ्यावेत, अंदाजाने नको. खालचे लाल बटण म्हणजे जास्त भार पडला की उडणारा स्विच. ते उडाले म्हणून ‘मिक्सर गेला’ असे समजून माळ्यावर टाकलेले कितीतरी मिक्सर धडधाकट असतात.

साडीचे गणित वेगळे. पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवर रेशीम चिरत जाते. देण्याआधी पूर्ण उलगडून खिडकीशी उजेडासमोर धरावी. घडीवर उभ्या बारीक भेगा दिसल्या, किंवा दोन्ही हातांनी अगदी हलके ताणल्यावर ‘चर्र’ आवाज आला, तर ती साडी म्हणून देण्याचे दिवस सरले. तिथे रफू टिकत नाही. रफूचा धागा मजबूत आणि शेजारचे सूत कुजके, म्हणून रफूच्या कडेने पुन्हा फाटते. पदर आणि काठ शाबूत असतील तर त्याचे घरातल्या मुलीला परकर-पोलके शिवून द्यावे. ही भेट नव्या कपड्याहून कितीतरी देखणी होते. साडी धड असेल तर जुना फॉल उसवून नवा लावावा, कारण आटलेल्या फॉलमुळे निऱ्यांना खाली सुरकुत्या पडतात. नवा सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच शिवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तोही आटतो. डांबरगोळ्यांचा वास जायला साडी सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस टांगावी. वास झाकायला वर अत्तर किंवा सेंट मारू नये, जरीवर डाग पडतात. ज्या साडीचे काहीच होण्यासारखे नाही ती बोहारणीला घालून एखादे भांडे घ्यावे आणि ते भांडे भेट द्यावे. तोही प्रामाणिक व्यवहार आहे.

मात्र ओटीचा खण, देवाला वाहायचे वस्त्र, जावयाचा दिवाळसण, इथे कोरेच लागते. तिथे पर्यावरणावर व्याख्यान देत बसू नये.

मोबाइल देताना चूक होते ती क्रमात. लोक घाईने फोन ‘रिसेट’ करतात आणि पुतण्याने तो सुरू केला की पडद्यावर जुन्या मालकाचे गूगल खाते आणि पासवर्ड मागितला जातो. चोरीच्या फोनसाठी केलेले हे कुलूप आहे, आणि ते आपल्याच घरच्यांवर पडते. म्हणून आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्यावेत, यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडावे, मग सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खाते काढावे, स्क्रीन लॉक काढावा, सिम आणि मेमरी कार्ड हातात घ्यावे आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट करावा. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करून आयक्लाउडमधून साइन आउट केल्याशिवाय रिसेटचा उपयोग नाही. पाठ फुगलेली दिसली किंवा कडेने पडदा उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. असा फोन भेट देऊ नये आणि कचऱ्यातही टाकू नये, तो ई-कचऱ्यात जातो. भेट देण्यासाठी बाहेरून जुना फोन विकत घेत असाल तर *#06# दाबून 15 आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढावा आणि KYM, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवावा. क्रमांक चोरीच्या वा बंद केलेल्या फोनांच्या काळ्या यादीत आहे का ते कळते. बिल मागावेच. आजी-आजोबांसाठी फोन असेल तर त्यांच्या बँकेचे ॲप त्यावर उघडते का, एवढे पाहिल्याशिवाय तो देऊ नये. जुन्या अँड्रॉइडवर अशी बरीच ॲप चालत नाहीत आणि भेट खेळणे होऊन बसते.

पुस्तके जुनी देण्याची रीत मुंबईत रुळलेली आहे. हुतात्मा चौकाच्या परिसरात आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला पदपथावर चांगली पुस्तके मिळतात. अडचण आपल्या हवेची. पावसाळा संपता संपता पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी येते आणि पाठीच्या सरसात कसर लागते. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की ओल कागदात आणखी आत जाते. पुस्तक आधी उन्हाच्या कडेला, थेट उन्हात नव्हे, पुरते सुकवावे आणि कोरड्या मऊ ब्रशने गॅलरीत, नाकावर रुमाल बांधून झाडावे. किडीसाठी पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्या पानावर ‘चि. अमुकला सप्रेम भेट’ असे लिहिलेले असेल तर ते पान फाडू नका. शिवलेल्या पुस्तकात ते पान त्याच फर्म्यातल्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीतल्या) पुढच्या एखाद्या पानाशी जोडलेले असते. एक फाडले की दुसरे महिन्याभरात सुटून येते. त्याच मजकुराखाली आपली ओळ आणि तारीख लिहावी.

प्रेशर कुकर द्यायचा तर ओट्यावर ठेवून फिरवून पाहावा. भोवऱ्यासारखा गरगरला तर तळ फुगला आहे, तो भंगारात. तळ सपाट असेल तर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच लिटरचे नवे घालून द्यावेत. पितळी पातेले कल्हईशिवाय देऊ नये. त्यात ताक, कढी किंवा चिंचेचे सार कळकते आणि पोट बिघडते ते वेगळे. दारावर येणारा कल्हईवाला आता दुर्मीळ. चौकशीला पायधुणीच्या तांबाकाट्यापासून, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या बाजारापासून, सुरुवात करावी. तांब्याच्या पाणी पिण्याच्या भांड्याला कल्हई लागत नाही, लिंबू-मीठ पुरते.

काही वस्तू कितीही चकचकीत असल्या तरी देऊ नयेत. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर एकदा आपटून दबला की परत फुगत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती उलटली की नळी कापून फेकावी. खरवडलेला नॉनस्टिक तवा, बटण सेलच्या कप्प्याचे झाकण हरवलेले खेळणे, जुनी गादी, ही त्याच माळेतली. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून नवदांपत्यासाठी पलंग घेणार असाल तर विजेरी घेऊन सांध्यांत पाहावे. मिरीची पूड सांडावी तसे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. किंमत कितीही उतरली तरी परत फिरावे.

दिवाळीच्या बोनसऐवजी कामवाल्या मावशींना जुना मिक्सर देणे ही भेट नव्हे. बोनस रोख द्यावा. मिक्सर हवा का, ते वेगळे विचारावे, आणि ‘नको’ म्हणायला त्यांना वाव ठेवावा.

शेवटचे काम पाच मिनिटांचे. चकचकीत कागदात गुंडाळून वस्तू नवी भासवू नये. घेणाऱ्यासमोर जोडून, चालवून दाखवावी. सोबत वहीच्या कागदावर लिहून द्यावे: घेतली कधी, काय बदलले, कोणता भाग अजून जुनाच आहे, दुरुस्त कुणी केली आणि त्याचा फोन नंबर. मूळ बिल असेल तर ते त्याच कागदाला टाचावे.

आपले,
जुन्या वस्तू दुरुस्त करणारे काही वाचक,
गिरगाव, मुंबई