खाडीपुलांवर सायकलीला आणि पायी चालणाऱ्यांना वाट ठेवा

माननीय संपादक,
स. न.

रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत जाणाऱ्या सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांच्या बातम्या मी न चुकता वाचते. रेवस-करंजा, रेवदंडा-साळाव, आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, केळशी, दाभोळ-धोपावे, जयगड ही नावे आम्हा चाकरमान्यांना तोंडपाठ आहेत. बातमीत पुलाची लांबी असते, खर्च असतो, मुंबईहून तळकोकणात जायला किती वेळ वाचेल तेही असते. पण या पुलांवरून सायकल जाऊ देणार का, माणसाला चालत पलीकडे जाता येईल का, हे मला अजून कुठे वाचायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र.

ही शंका उगाच आलेली नाही. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला, त्यावर सायकल नाही आणि दुचाकीही नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, जवळपास २२ किलोमीटरचा. तिथेही सायकल, दुचाकी, रिक्षा या सगळ्यांना मनाई. मुंबईत निदान लोकल आहे, दुसरा रस्ता आहे. दिघीच्या किंवा वेश्वीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला आज फक्त फेरीबोट आहे. पूल झाला की मोटारी पुलावरून जाणार आणि मोटारींच्या भाड्यावर चालणारी फेरीबोट बंद पडणार. त्या पुलावर सायकलीला बंदी असेल, तर आज थोड्या पैशांत बोटीने पलीकडे जाणारा माणूस पुलाखाली अडकून पडेल. आगरदांड्याच्या माणसाने मग तळा-माणगावच्या बाजूने वळसा घालायचा, आणि बागमांडल्याच्या माणसाने आंबेतपर्यंत आत जायचे?

मी निवृत्त शिक्षिका. राहते डोंबिवलीला, सासर दापोली तालुक्यातले आंजर्ले. आमचे घर मे महिन्यात आणि गणपतीत उघडते, एरवी कुलूप. नोकरी संपल्यापासून मेमध्ये मी घरी सायकलनेच जाते. यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे हे सामान घेऊन एसटीने दापोलीमार्गे येतात. सांगायचे एवढ्यासाठी, की या किनाऱ्यावरचे पूल आणि फेरीबोटी मला मोटारीच्या काचेतून दिसलेल्या नाहीत.

पनवेल-पेण ओलांडून वडखळला अलिबागच्या रस्त्याला लागले की धरमतरचा पूल येतो. मागून ट्रेलर येत असतात आणि कडेला सरकायला जागा नसते. तो पूल ओलांडेपर्यंत मी खाडीकडे एकदाही पाहत नाही. अलिबागला नणंदेकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी पोचते. अलीकडे रेवदंड्याचा कोट, पलीकडे कोर्लईचा किल्ला. इथला पूलही जुना आणि अरुंद आहे, पण तिथे मी उतरून सायकल हाताने नेते. पुढे काशीदचे सुरूचे बन, नांदगावच्या वाड्या, मुरूड सोडल्यावर चढावरून दिसणारा जंजिरा आणि मग आगरदांडा.

आगरदांड्याच्या बोटीत मध्ये मोटारी उभ्या असतात आणि कडेने आम्ही माणसे. पाटी घेतलेल्या कोळणी, औषधाची पेटी सांभाळणारी परिचारिका, कॉलेजची मुले, बाजार करून परतणारे म्हातारे. यांतल्या फार थोड्यांकडे स्वतःचे वाहन आहे. पूल व्हायला हवा असे यातला प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणते. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली किंवा साप चावला, की बोटीची वाट पाहणे म्हणजे काय असते ते खाडीकाठच्या माणसाला विचारावे. माझा विरोध पुलाला अजिबात नाही. एवढा खर्च करून बांधलेला पूल याच लोकांना बंद होऊ नये, इतकेच म्हणणे आहे.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता मला सगळ्या वाटेत प्रिय आहे. समुद्र उजव्या हाताला इतका जवळ, की लाटेचा आवाज चाकाच्या आवाजात मिसळतो. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडले आणि तिथून सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. या खाडीत पुलाचे काम मध्येच थांबून राहिलेले खांब आम्ही बोटीतून वर्षानुवर्षे पाहत आलो. वेश्वीपासून पुढचे चढ मी बहुतेक पायीच चढते. मांदिवलीला वळसा घालून केळशी, मग उटंबर, आडे, पाडले आणि घर.

तिथे पोचल्यावर सायकलीचे काम खरे तर सुरू होते. कित्येक महिने बंद असलेले घर उघडायचे म्हणजे आधी गांधीलमाश्यांची पोळी काढा, सारवण करा, विहिरीचा पंप चालतो का पाहा, पाऊस येण्याआधी कौले परतून घ्या. कौले परतणारा गडी मिळवायला दोन वाड्या फिरावे लागते, ते सायकलवरूनच. गिरणीतून तांदळाचे पीठ, सकाळचे दूध, किराणा, पोस्ट, सगळे कॅरियरवर. मेच्या शेवटी रातांबे (कोकमाची फळे) पिकले की अंगणात बसून ते फोडायचे, साली मिठाच्या रसात भिजवून उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. फणसपोळीची ताटे माकडांपासून राखायची. या धबडग्यात मीठ संपले तर मीठ आणायलाही सायकलच.

आणि मासळीसाठी हर्णै. पूर्वी आंजर्ल्याहून हर्णैला जायचे तर जोग नदीची खाडी तरीतून ओलांडावी लागे. माझ्या सासूबाई डोक्यावर नारळाचे ओझे घेऊन भरतीची वेळ बघून निघत. आता तिथे पूल आहे. त्या पुलावरून मोटारी जातात, एसटी जाते, आणि संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव व्हायच्या वेळेला माणसे चालत आणि सायकलने जाताना दिसतात. पाज पंढरीच्या बाया सकाळी ताजी मासळी घेऊन आमच्या दारात येतात. त्या पुलाने कोणालाही अडवलेले नाही, म्हणून तो साऱ्या गावाचा झाला. सागरी महामार्गाच्या पुलांचा आराखडा करणाऱ्यांनी एक संध्याकाळ तिथे उभे राहून नुसते पाहावे.

२०२० साली आम्ही शिमग्याला म्हणून गेलो आणि टाळेबंदीत तिथेच अडकलो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. दुपारभर कौले उडत होती. आमच्या वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, सासऱ्यांनी लावलेला कलमी आंबा मुळासकट गेला. वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही, फोन बंद, रस्त्यावर पावलागणिक झाडे पडलेली. मोटारी दारात अडकून होत्या. त्या दिवसांत वाडी-वाडीतली खबर, म्हाताऱ्यांची रक्तदाबाची औषधे आणि मेणबत्त्या हे सारे पायी आणि सायकलने पोचत होते. पडलेले झाड आले की सायकल खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे उतरायची. शेजारच्या काकांचे इन्सुलिन पुतण्याने तसेच आणले. ज्या किनाऱ्यावर अशी वादळे येतात, तिथल्या पुलावर चालायला आणि सायकलीला जागा असणे ही हौस म्हणता येणार नाही.

म्हणून रस्ते विकास महामंडळाला आणि या पट्ट्यातल्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे. प्रत्येक खाडीपुलावर दोन्ही बाजूंना निदान दोन मीटरची उंच पदवाट ठेवा आणि ती मोटारींपासून कठड्याने वेगळी करा. बाहेरचा कठडा छातीइतका उंच हवा, कारण खाडीच्या तोंडाशी वारा सायकल ढकलतो, मी ते अनुभवलेले आहे. पावसाचे पाणी जाण्याच्या लोखंडी जाळ्यांच्या पट्ट्या आडव्या बसवा, चाकाच्या दिशेने बसवल्या तर चाक त्यात अडकून माणूस तोंडावर आपटतो. पुलाच्या दोन्ही टोकांना जुन्या धक्क्याच्या रस्त्यावरून वर यायला चढण द्या, नाहीतर धक्क्याजवळची गावे पुलाखालीच राहतील. आणि पूल वाहतुकीला खुला होऊन लोक त्याला सरावेपर्यंत फेरीबोट बंद करू नका.

काँक्रीट ओतून झाल्यावर पदवाट जोडणे फार अवघड असते. निविदा निघाल्या आहेत, काही ठिकाणी काम सुरूही झाले आहे. दिघी, आगरदांडा, बागमांडले, वेश्वी, केळशी, दाभोळ इथल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ठराव करून महामंडळाला पाठवावा आणि त्याची पोच मागून घ्यावी. आंजर्ल्यातला अर्ज मी लिहून ठेवला आहे, सह्या घेणे चालू आहे. आपल्या वार्ताहरांनी या पुलांचे मंजूर आराखडे मागवून त्यांत पदवाट आहे की नाही एवढे छापले, तरी आम्हाला पुढचे पाऊल उचलता येईल.

आपली नम्र,
आंजर्ल्याची एक सून,
डोंबिवली (पूर्व)