हवालदार ताई, टीशर्टबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

ताई,

मॅडम म्हणायला पाहिजे खरं तर, पण भाचा हरवला होता त्या अकरा दिवसांत माझ्या तोंडून ताईच निघायचं आणि तुम्हीही कधी हरकत घेतली नाहीत, म्हणून इथंही ताईच. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच दम दिलाय, "माझं नाव कुठं टाकलंत तर बघा, वर उत्तरं मला द्यावी लागतात." पोलीस स्टेशनचं नाव नाही, पोराचंही नाही. बायको म्हणाली एवढं सगळं गाळल्यावर पत्रात उरणार काय. पण पेढे घेऊन आलो त्या दिवशी तुम्ही अर्धा पेढा तोंडात टाकून कुठल्या तरी मोर्चाच्या बंदोबस्ताला पळालात, बोलणं झालंच नाही, ते मनात राहिलं होतं.

१२ सप्टेंबर २०२४, गौरी-गणपतीचं विसर्जन. माझं फ्लेक्सचं दुकान म्हणजे त्या दिवसांत रात्रंदिवस मशीन चालू, आणि एकेका बॅनरवर चाळीस शुभेच्छुक, त्यात कोणाचं डोकं कोणापेक्षा बारीक झालं की फोन. बहीण चार घरच्या पोळ्या करते, भाऊजी टेम्पोवर, म्हणून भाचा शाळा सुटली की दुकानातच असतो. आठ वर्षांचा, थोडं अडखळत बोलतो. संध्याकाळी मंडळाचा टीशर्ट घालून मिरवणुकीत नाचत होता, मी स्वतः बघितला. नऊ वाजता नव्हता.

टेबलवर जे होते ते म्हणाले, "मिरवणुकीत असेल, चोवीस तास बघा, नाही आला तर या." मी त्यांना वाईट म्हणत नाही, तो माणूस आदल्या सकाळपासून उभा होता, डोळे लाल झालेले. पण बहीण तिथंच खाली बसली. तेव्हा कोपऱ्यात तुम्ही वडापाव खात होतात, बूट पूर्ण भिजलेले, तलावावरून आला असाल. हात पुसत उठलात आणि म्हणालात, "चोवीस तास कुठल्या कायद्यात लिहिलेत, साहेब? लहान पोर आहे, गुन्हाच दाखल करावा लागतो." नंतर वाचलं मी, मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय, मूल हरवलं की अपहरण धरूनच एफआयआर करायचा. आधी कलम ३६३ लागायचं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७. साडेअकराला एफआयआरची कॉपी हातात होती. कॉपी निघायला वेळ लागला कारण प्रिंटरमध्ये कागद नव्हता, मी दुकानातून रिम घेऊन पळत आलो. हे मी कोणाची बदनामी म्हणून लिहीत नाहीये. ज्या खात्यात कागद नसतो त्या खात्याकडून आपण पोर शोधून मागतो, एवढंच डोक्यात आलं तेव्हा.

मग पोस्टर. अहो मी वीस वर्षं पोस्टर बनवतोय, मला वाटलं यात तरी मला कोण शिकवणार. लाल पट्टी, 'हरवला आहे' मोठ्या फॉन्टमध्ये, वाढदिवसाचा गॉगल घातलेला हसरा फोटो, मागे थोडं ब्लर. तुम्ही मोबाईलवर बघितलंत आणि म्हणालात, "हा काय नगरसेवक आहे का? गॉगल काढा. गेल्या महिन्यातला फोटो द्या, तेल लावलेला, शाळेत जातानाचा. पोर हरवल्यावर असंच दिसतं." मग विचारत बसलात. चप्पल कोणती, पट्टा तुटलेला का शाबूत. दात कुठला पडलाय. करदोटा काळा का लाल. घरात हाक काय मारता. रागावला की काय करतो. बहिणीला हे सगळं सांगताना रडू फुटत होतं पण तिचं डोकंही चालायला लागलं, पोर हरवल्यापासून पहिल्यांदा. मी लिहिलं होतं 'अंगात पांढरा टीशर्ट'. तुम्ही म्हणालात, "पांढरे टीशर्ट आज गावभर आहेत. त्याच्यावर छापलंय काय?" आता तो टीशर्ट माझ्याच दुकानात छापलेला, पुढे मंडळाचा लोगो आणि मागे आमच्या भावी आमदारांचा फोटो, त्यात माझ्या पोऱ्यानं 'सौजन्य'मधला जोडाक्षराचा घोळ करून 'सौजन' छापलं होतं, त्यावरून मंडळानं माझे पैसे कापले होते. तुम्ही म्हणालात, "तेच लिहा. सौजन. तसंच्या तसं."

त्याच आठवड्यात पलीकडच्या मोठ्या सोसायटीतला एक मुलगा संध्याकाळी पाच तास सापडत नव्हता. टीव्हीवाले आले, गेटवर तीन माईक, ड्रोन, श्वानपथक, साहेब लोक स्वतः उभे. मित्राकडे गेम खेळत बसलेला सापडला, बरं झालं, त्या आईचं काळीजही माझ्या बहिणीसारखंच तुटलं असणार, तिच्याशी माझं काही भांडण नाही. पण आमच्याकडे आला तो एक लोकल चॅनलवाला पोरगा, आणि माईक बहिणीच्या तोंडापुढे धरून पहिला प्रश्न काय, "तुम्ही त्याला मारायचात का?" ती क्लिप फिरली. खाली कमेंट, पोरं जन्माला घालायची आणि रस्त्यावर सोडायची. सोसायटीतल्या मुलाच्या बातमीखाली हात जोडलेले इमोजी आणि आमच्याखाली हे. दोघंही आठ-नऊ वर्षांचे.

झोप लागायची नाही म्हणून मोबाईलवर वाचत बसायचो. २००६ चं नोएडा वाचलं. तिथल्या निठारी गावातल्या गरिबांची पोरं २००५ पासून गायब होत होती, आईबाप चौकीच्या चकरा मारत होते, त्यांना पळून गेलं असेल म्हणून परत पाठवायचे. आणि त्याच नोएडात नोव्हेंबर २००६ मध्ये अडोबी कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाचा तीन वर्षांचा मुलगा पळवला तर देशभर बातमी, अख्खी यंत्रणा कामाला, आठवड्याच्या आत पोरगा घरी. महिन्याभरानं, डिसेंबरमध्ये, निठारीच्या नाल्यातून सांगाडे निघाले, मग कॅमेरे तिकडे धावले. पुढे खटल्याचं काय झालं तर अलाहाबाद हायकोर्टानं २०२३ मध्ये आरोपींना बहुतेक केसमधून निर्दोष सोडलं. म्हणजे आधी शोध नाही आणि नंतर धड तपासही नाही. परदेशातलंही वाचलं, ती इंग्लंडची चिमुरडी मॅडलिन मॅक्कॅन २००७ मध्ये पोर्तुगालला सुट्टीत हरवली, तिच्यासाठी लंडन पोलिसांचं वेगळं ऑपरेशन २०११ पासून चालूच, खर्च १ कोटी ३० लाख पौंडांच्या वर. पैसे खर्च झाल्याचं मला वाईट वाटत नाही, करावेतच. पण तिच्या आईबापालाही लोकांनी सोडलं नाही, जगभर त्यांनाच संशयानं बघितलं. म्हणजे कॅमेरा आला नाही तरी आईच चोर आणि आला तरी आईच. हे वाचून बहिणीला थोडं बरं वाटलं, का कोण जाणे.

तिसऱ्या दिवशीचं मला स्वतःला लाज वाटते असं. मीच केलेला मेसेज कोणीतरी पुढं पाठवताना वर जोडलं, 'मुलं पळवणारी टोळी सक्रिय, सावध राहा', आणि संध्याकाळी मंडळाच्या पोरांनी एका फुगेवाल्याला धरला. परप्रांतीय, पिशवीत खेळणी, झालं. मीही त्या घोळक्यात होतो ताई, पुढेच होतो. हात उचलला नव्हता पण उचलला असता. तुम्ही कोणाच्या तरी ॲक्टिव्हावर मागे बसून आलात, एकट्या, आणि सरळ त्या माणसाच्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिलात. "राईनपाडा विसरलात का रे?" एवढंच ओरडलात. धुळ्याकडे, साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ ला असाच मेसेज फिरलेला, आणि भिक्षा मागणारे पाच गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले लोकांनी. एकही पोर पळवलं नव्हतं त्यांनी. फुगेवाल्याला तुम्ही रिक्षात बसवलंत, आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणालात, "तुमचा भाचा असाच कुठल्या गावात एकटा उभा असेल. त्याला हात धरून स्टेशनवर न्यायला पण उद्या माणूस घाबरेल, तुमच्या ह्या मेसेजमुळे." रात्री बसून सगळ्या ग्रुपवर चूक कबूल केली मी. चार जणांनी ग्रुप सोडला, सोडू दे.

अनंत चतुर्दशीपर्यंत तुमची ड्युटी चौदा-पंधरा तास बंदोबस्तावर. हे आम्हा लोकांना माहीतच नसतं. आम्हाला वाटतं तपास म्हणजे तीनचार लोक गाडी घेऊन फिरतायत. गाडी एकच, ती मिरवणुकीत. चार महिन्यांत पोर सापडलं नाही तर केस मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जाते म्हणे, पण ते चार महिने कोणाच्या जिवावर? तुमच्याकडे होती एक पाठकोरी वही, मागच्या बाजूला सेंट्रल लाईनवरचे बालगृहांचे, रेल्वेच्या आरपीएफचे, बाल कल्याण समित्यांचे नंबर, काही पेनानं, काही पेन्सिलीनं, खोडून परत लिहिलेले. इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ. ड्युटी संपली की दुकानात माझ्या स्टुलावर बसून फोन लावायच्या, स्वतःच्या मोबाईलवरून. हरवलेल्या मुलांच्या सरकारी पोर्टलवर फोटो चढवलाच होता पण मॅच होत नव्हता. तुम्ही म्हणायच्या, "कॉम्प्युटर जे भरलं तेच दाखवतो, भरणारा माणूस दमलेला असतो."

तसंच निघालं. २३ तारखेला भुसावळकडच्या एका बालगृहातल्या बाईंना तुम्ही वय नाही विचारलं, नाव नाही विचारलं. म्हणालात, "गेल्या दहा-बारा दिवसांत आलेल्या पोरांत कोणाच्या टीशर्टवर मागे पुढाऱ्याचा फोटो आहे का? आणि खाली सौजन्य चुकीचं लिहिलंय का?" त्या बाई फोन चालू ठेवून कपडे वाळत घातले होते तिकडे गेल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता स्पीकरवर. मग त्या हसल्या. "सौजन."

पोरगा गर्दीत स्टेशनात घुसला होता आणि उभ्या एक्सप्रेसला लोकल समजून चढला होता. भुसावळला आरपीएफनं उतरवून बाल कल्याण समितीपुढे नेला, सगळं नियमानं केलं त्यांनी, त्यांचेही आभार. पण अंगानं बारीक म्हणून वय सहा लिहिलं, नाव घाबरून घरातलं सांगितलं, आणि राहतोस कुठं विचारलं तर म्हणाला "मामाच्या दुकानात". बरोबरच सांगितलं बिचाऱ्यानं. आणायला तुम्ही आमच्याबरोबर आलात. तिकिटाचं बिल नंतर मिळतं म्हणालात. मिळालं का ते विचारायचं माझं धाडस झालं नाही अजून.

सापडल्याची बातमी कुठेच आली नाही. तो चॅनलवाला म्हणाला, दादा आता त्यात काय स्टोरी. तुम्ही तर वेगळंच सांगितलंत, आता फोटो सगळीकडून काढा, पोराला उद्या शाळेत तोंड दाखवायचंय. काढले. पण फॉरवर्ड कुठं थांबतोय, अजून महिन्यातून एखादा फोन येतो, नागपूरहून, एकदा तर बेळगावहून, "तुमचा मुलगा सापडला का?" मी हो म्हणतो, आभार मानतो. लोक वाईट नसतात हो, उशिरा पोचतात.

आता एक शेवटचं. दुसऱ्या दिवशी पोस्टर काढायला आलात तेव्हा माझ्या दोनशे कॉप्या झाल्यावर तुम्ही पाकिटातून एक घडी पडलेला फोटो काढलात आणि म्हणालात, "हिच्या पण पन्नास काढा." कोणाची मुलगी विचारलं तर म्हणालात, वर्षापूर्वीची केस आहे, आई एकटी, ती पण साईट बदलली की दुसरीकडे जाते, पोस्टर लावायला कोणी नाही. आणि पाचशेची नोट काउंटरवर ठेवलीत. आमच्या पोरासाठी मी तुमच्याकडून पैसे घेतले नसते पण ही नोट मी घेतली, त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आता आठवलं की कसंतरी होतं. तुम्ही तेव्हा अंधेरीच्या डीएन नगर पोलीस स्टेशनचे राजेंद्र भोसले सांगितले होते, १६६ हरवलेल्या मुलींपैकी १६५ सापडल्या आणि एक राहिली, ते २०१५ ला रिटायर झाले तरी तिला शोधत राहिले. २०१३ ला हरवलेली ती मुलगी २०२२ मध्ये सापडली, घरापासून चालत जायच्या अंतरावर, जुनं पोस्टर नेटवर मिळालं म्हणून. आणि पोस्टरवरच्या पाच नंबरांपैकी एकच चालू होता. ते सांगून तुम्ही मला म्हणालात, खाली दुकानाचा नंबर टाका, दुकान कुठं जात नाही.

तर ताई, त्या मुलीची फाईल माझ्याकडे आहे, डेस्कटॉपवरच ठेवलीय, बॅनरच्या फोल्डरात नाही. स्टेशनच्या पुलाखाली, रिक्षा स्टँडला, एसटी डेपोत लावलेलं ऊन-पावसात फिकं पडतं, दर दोन महिन्यांनी भाचा आणि मी जाऊन नवीन चिकटवतो, आता तो खळ नीट लावतो. नंबर दुकानाचाच आहे, बदललेला नाही. तिची आई भेटली तर मुलीचं घरातलं नाव आणि चप्पल कसली होती ते विचारून मला पाठवा, ते पोस्टरवर राहिलंय. आणि नोट घेऊन येऊ नका.

तुमचा,
फ्लेक्सवाला भाऊ